बेरूच्या विमानातल्या तीन जागा

बेरू बेटाला जाणाऱ्या विमानातून शवपेटी न्यायची असली, की डावीकडच्या तीन खुर्च्या काढाव्या लागतात. तारावा बेटावर, बोनरिकीच्या विमानतळावर खिडकीमागे बसून चौदा वर्षं मी हे कितीतरी नातेवाइकांना सांगत आले. सांगताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता यादीकडे बघायचं, हे मी पहिल्याच वर्षी शिकले होते. त्या बुधवारी सकाळी ते मला सांगण्यात आलं. सांगणारे आमचे मुख्य अधिकारी इओआनेसाहेबसुद्धा यादीकडेच बघत होते.

"रोतिया, विमान भरलंय. सतराच्या सतरा जागा."

"माहीत आहे. यादी मीच लिहिलीय."

"तीन माणसांनी आपणहून जागा सोडल्या तर पेटी जाईल. मी कुणाचं नाव खोडणार नाही. आज तुझ्यासाठी खोडलं, तर उद्या इथे रांग लागेल."

"तुम्ही खोडा असं मी म्हणतच नाहीये."

मग त्यांनी विचारलं, "तीन म्हणजे तुझी जागा धरून, की तुझी सोडून?"

"सोडून," मी म्हटलं. "मी बरोबर जाणार आहे."

बाबा सोमवारी दुपारी इथल्या इस्पितळात वारला. बेरूला आठवड्यातून एकच विमान जातं. जहाज शनिवारीच दक्षिणेला निघून गेलं होतं आणि ते परत यायला पंधरा दिवस लागणार होते. या हवेत माणूस तेवढा थांबत नाही. आज पेटी गेली नाही तर उद्या त्याला इथेच, तारावावर, चर्चच्या ओळखीने मिळालेल्या कुणाच्या तरी जमिनीत पुरावं लागणार होतं. आमच्यात माणूस आपल्याच जमिनीत, आपल्या घराच्या अंगणात राहतो. मुलं त्याच्यावरून उड्या मारत मोठी होतात. आई बेरूला आमच्या अंगणात आहे. तिच्या उजवीकडची जागा बाबाने स्वतःच्या हातांनी पांढऱ्या दगडांची ओळ लावून राखून ठेवली होती.

आता बाबाबद्दल सांगायला हवं, नाहीतर त्या सकाळी मला काय अवघड वाटत होतं ते कळणार नाही.

कबुआती हे त्याचं नाव. आमच्या देशाची विमानसेवा म्हणजे बेरूच्या लोकांसाठी एकतीस वर्षं तोच होता. खडीची धावपट्टी, तिच्या कडेला नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेली उघडी खोपी, त्यात एक वजनकाटा आणि एक लाल बाटला आग विझवायचा. विमान यायच्या दिवशी पहाटे धावपट्टीवरची डुकरं आणि कुत्री हाकलायची. मग माणसांना एकेक करून काट्यावर उभं करायचं, त्यांच्या चटया, बर्फाच्या पेटीतले मासे, नातेवाइकांसाठी नेलेले बाबाईचे कंद, सगळ्याचं वजन घ्यायचं. मोठ्या माणसांना आपलं वजन मोठ्याने वाचलेलं आवडत नाही, म्हणून तो ते हळूच वैमानिकाच्या कानात सांगायचा. प्रवाशांची यादी तो आठ दिवस आधी मनेआबाच्या खांबाला लावायचा. सभा, लग्नं, भांडणं, सगळं गाव त्या एका छपराखाली जमतं. तिथे लावलेली यादी म्हणजे सगळ्यांनी पाहिलेली यादी.

आमच्याकडे बुबुती असते. नात्यातल्या माणसाने समोर येऊन 'मी बुबुती करतो' म्हणून काही मागितलं, तर नाही म्हणायचं नसतं. होडी मागितली तर होडी द्यायची, डुक्कर मागितलं तर डुक्कर. नाही म्हणणाऱ्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही. आणि बेरूसारख्या बेटावर कोण कुणाच्या नात्यात नाही.

मी सात वर्षांची असताना एका गरोदर बाईने आपली विमानातली जागा चुलत सासऱ्याच्या बुबुतीवर सोडली. त्याला कुणाच्या तरी लग्नाला जायचं होतं. बाई पाच दिवसांनी दगावली, पोटातल्या बाळासकट. त्यानंतर बाबाने स्वतःचा एक नियम केला. कंपनीने नाही, त्याने. वजनकाट्याजवळ बुबुती नाही. ना त्याच्याकडे, ना प्रवाशांकडे. कुणी आलं की तो म्हणायचा, "जागा माझी नाही. माझी असती तर दिली असती." आणि प्रवाशांकडे वळणाऱ्याला तो धरून बाहेर न्यायचा, मग ते म्हातारं माणूस असो नाहीतर पाद्री.

लोक रागावले. पण राग निवळतो. त्याच्या वाट्याला आलं ते वेगळं होतं. हळूहळू लोक त्याच्याकडे काहीच मागेनासे झाले. गळ नाही, टॉर्च नाही, मीठ नाही. त्याची सायकल एकोणीस वर्षं त्याचीच राहिली. बेरूत एवढी वर्षं कुणाची सायकल स्वतःची राहिलेली मी ऐकलेली नाही. संध्याकाळी तो ती पुसून भिंतीला टेकवून ठेवायचा आणि दारात बसायचा. समोरून माणसं दुसऱ्यांच्या घरी मागायला जाताना दिसायची.

दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला. यंदा पोटात दुखायला लागलं तेव्हा नव्या एजंटाने, रुआतूने, त्याला आजाऱ्याच्या जागेवर बसवू म्हटलं. बाबा म्हणाला, माझ्यापेक्षा जास्त आजारी दोघं आहेत. तो तीन आठवडे नंबर लागायची वाट बघत राहिला. इथले डॉक्टर मला म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. यादीबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही.

तर अशा माणसाच्या मुलीला, त्याच्यासाठी, वजनकाट्याजवळ बुबुती करायची होती.

आठ वाजले होते. विमान दहाचं. मी पहिल्यांदा बाउरोकाकांकडे गेले, कारण ते हसतमुख माणूस आहेत आणि मला हसतमुख माणसापासून सुरुवात करायची होती. लांबच्या नात्याने ते आईचे भाऊ. ते नुकतेच काट्यावरून उतरले होते आणि तांदळाच्या पोत्यावर बसून पाव खात होते.

"काका, मी बुबुती करायला आलेय."

त्यांनी पाव खाली ठेवला. "कुठे उभी आहेस बघ आधी."

"बघितलंय."

"काट्याजवळ. कबुआतीची मुलगी. हे बेरूत जाऊन सांगितलं तर लोक म्हणतील, बाउरो तारावाला जाऊन प्यायला लागला." त्यांनी तोंड पुसलं. "कितीची आहे पेटी?"

"त्याच्यासकट एकशे चार किलो."

"मी एकशे अठरा. तू वाचलंस मघाशी, मोठ्याने वाचलंस, सगळ्यांनी ऐकलं. म्हणजे मी एकटा उतरलो तर तुझा बाप पेटीसकट बसून वर चौदा किलो उरतात. बाकीच्या दोघांना कशाला त्रास देतेस?"

"खुर्च्या तीन काढाव्या लागतात, काका. लांबीचा प्रश्न आहे, वजनाचा नाही."

"कबुआतीसारखंच बोलतेस." मग त्यांचा आवाज बदलला. "घे माझी जागा. मला त्याने दोनदा हाकललंय इथून, म्हणजे इथून नाही, तिथून. दुसऱ्यांदा तर मी जावयासाठी मागत होतो. घे. आणि हे तांदूळ मात्र जाऊ देत. बायकोला तांदळाची वाट आहे, माझी नाही."

मी त्यांचं नाव खोडलं आणि तांदळावर चिठ्ठी लावली.

दुसरी होती तोकाता. बेरूच्या शाळेत नवी नेमणूक झालेली शिक्षिका, पंचविशीची. तिची आजी आणि माझी आजी चुलत बहिणी. मी तिला जेमतेम ओळखत होते. ती खिडकीपाशी पुस्तकांचं खोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि तेच शब्द म्हटले. ती बराच वेळ काही बोलली नाही.

"सोमवारी माझा पहिला दिवस आहे," ती शेवटी म्हणाली. "इथे मामाकडे राहत होते. काल त्या खोलीत दुसरे पाहुणे आले. माझं सामान सगळं या खोक्यात आहे."

"हो."

"मला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी हो म्हणतेय, रोतियाताई. एवढं तुम्हाला माहीत असू दे."

"माहीत आहे," मी म्हटलं.

मला उठून 'राहू दे' म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. तिच्या नावावर रेघ ओढताना मला बाबाचा नियम पहिल्यांदा पूर्ण कळला. लहानपणापासून मला तो पाठ होता, पण कळला तो त्या रेघेवर. तरीही मी रेघ पूर्ण ओढली.

उरली एक जागा. यादीत बाळंतिणी होत्या, एक परिचारिका होती, पाण्याचे पंप बसवायला निघालेली चार माणसं होती. तोकाताच्या त्या वाक्यानंतर मला अनोळखी माणसासमोर बसणं शक्य नव्हतं. आणि यादीत आठवं नाव तेवाताआत्याचं होतं. बाबाची सख्खी मोठी बहीण.

आत्याचा मुलगा तियाओन अकरा वर्षांपूर्वी इथल्या बेतिओच्या धक्क्यावर मालाखाली सापडला. बातमी रेडिओवरून बेरूला पोचली ती मंगळवारी संध्याकाळी. बुधवारचं विमान भरलेलं होतं. आत्या धावपट्टीवर आली. बाबाने तिला तेच सांगितलं, जागा माझी नाही. ती प्रवाशांकडे वळली तेव्हा त्याने तिचा हात धरला आणि तिला खोपीबाहेर नेलं. आत्या त्यानंतर मासळीच्या होडीने निघाली. ती पोचली तोपर्यंत तियाओनला पुरून एक दिवस झाला होता. इथेच, तारावावर, दुसऱ्याच्या जमिनीत. बेरूत आत्याचं आणि आमचं घर दोनशे पावलांवर आहे. अकरा वर्षं ती बाबाशी एक शब्द बोलली नाही.

गेल्या महिन्यात ती डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इथे आली होती. बाबा ज्या इस्पितळात दहा दिवस होता त्याच इस्पितळात, तीन इमारती पलीकडे. ती त्याला बघायला आली नाही. मीही तिला बोलवायला गेले नाही.

ती भिंतीशी चटई टाकून ताठ बसली होती. डाव्या डोळ्यावर हिरवं झापड.

"बस," ती म्हणाली. "तू येणार हे मला माहीत होतं. बाउरोचं हसणं ऐकलं मी. मग त्या पोरीचं गप्प बसणंही ऐकलं."

मी बसले. तोंड उघडणार, तेवढ्यात तिने हात वर केला.

"तू मागायच्या आधी मी मागते. माझी बुबुती आधी." ती माझ्याकडे उजव्या डोळ्याने बघत होती. "माझी जागा मागू नकोस. मला त्याच्याबरोबर जाऊ दे."

विमानतळावर पंखा फिरत होता. कुणाचं तरी बाळ रडत होतं. तिने काय मागितलं ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

"मग तिसरी जागा माझी जाते, आत्या."

"हो. तुझीच."

"मी त्याची मुलगी आहे."

"आणि मी कोण? त्याला पहिल्यांदा पोहायला मी नेलं. त्याचं नाक मी पुसलं." ती आवाज चढवत नव्हती. "तुझं त्याच्याशी काही बोलायचं राहिलंय का?"

मी विचार केला. दहा दिवस आम्ही एका खोलीत होतो. रोज सकाळी तो विचारायचा, आज कोणत्या बेटाचं विमान, किती जागा रिकाम्या. मी सांगायचे. तो मान हलवायचा. मग मी कामावर यायचे आणि संध्याकाळी त्याला सांगायचे की वेळेवर सुटलं. शेवटच्या दोन दिवसांत तो विचारायचा थांबला होता, तरी मी सांगत होते.

"राहिलंय," मी म्हटलं.

"मग ते तू इथे बोल. दहा दिवस उशाशी होतीस ना. मी पलीकडे डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते. पट्टी सुटल्यावरही आले नाही, ते माझं पाप आहे. पण विमानात दीड तास तो माझ्या शेजारी असणार. उठून जाणार नाही. काट्याकडे बघणार नाही. जागा माझी नाही म्हणणार नाही. मला त्याला अकरा वर्षांचं सांगायचंय, आणि त्याला ते ऐकावं लागेल."

"आत्या, मी नाही म्हटलं तर?"

"तर तू कबुआतीची मुलगी," ती म्हणाली. "आणि मी काही मनावर घेणार नाही. मला सवय आहे."

ती टोमणा मारत होती असं मला तेव्हा वाटलं. आता तसं वाटत नाही. ती मला खरोखरच मोकळीक देत होती. नाही म्हणायचं असेल तर म्हण, तुझ्या घरात ते झालेलं आहे, असं. बाबा असता तर त्याने नाहीच म्हटलं असतं. मला तेवढं बळ नव्हतं, किंवा तेवढी इच्छा नव्हती. अजूनही मला त्यातलं नक्की कोणतं ते सांगता येत नाही.

"आईच्या उजवीकडे," मी म्हटलं. "दगडांची ओळ आहे."

"मला दिसतं आता," आत्या म्हणाली. "त्याचसाठी तर आले होते."

मी खिडकीमागे जाऊन माझं नाव खोडलं. इओआनेसाहेबांनी यादी हातात घेतली, माझ्याच अक्षरातल्या तीन रेघा बघितल्या आणि काही न विचारता सही केली. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तू आज घरी जा." मी म्हटलं, प्रवासी चढवून जाते.

यांत्रिकांनी डावीकडच्या तीन खुर्च्या काढल्या आणि बाहेर उन्हात एकावर एक ठेवल्या. पेटी सहा जणांनी आत सरकवली. बारीक विणीची चटई मी आत्याच्या हातात दिली, वर घालायला. मी नावं वाचली. चौदा माणसं एकामागून एक शिडी चढली. आत्या शेवटी गेली, हातातल्या चपला आधी आत ठेवून. दाराच्या काचेतून मला तिची पाठ दिसली. ती पेटीवर चटई पसरत होती आणि तिचे ओठ हलायला लागले होते. विमान अजून जागचं हललंही नव्हतं.

ते गेल्यावर मी रेडिओच्या खोलीत बसले. तिथल्या माणसाने मला खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला. अकरा चाळीसला रुआतूचा आवाज आला.

"बेरू. विमान उतरलं. प्रवासी चौदा, पेटी एक."

रेडिओवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि बटण माझ्याकडे सरकवलं.

"रुआतू, मी रोतिया. लोक आलेत का?"

बराच वेळ नुसती खरखर. मग, "ताई, सगळं गाव आलंय. धावपट्टीवर उतरलेत. विमानाचे पंखे थांबायच्या आत उतरले, मला आवरता येईना. वैमानिक ओरडतोय." पुन्हा खरखर. "पेटी कुणी उचलायची त्यावरून भांडण चाललंय."

मी बटण सोडलं.

बाहेर बाउरोकाका आणि तोकाता बाकावर बसले होते, दोघांच्या मध्ये पुस्तकांचं खोकं.

"झालं?" काकांनी विचारलं.

"उतरले."

"बरं. आता माझी बुबुती ऐक. पुढच्या बुधवारपर्यंत मी आणि ही पोरगी राहणार कुठे? माझा पुतण्या मला दोन दिवस सोसेल, तिसऱ्या दिवशी नुसतं माशाचं डोकं वाढेल. आमच्या जागा तू घेतल्यास. तुझ्या घरात किती जागा आहे?"

"एक खोली. आणि ओटा."

"ओटा माझा. तसाही मी खोलीत घोरतो."

तोकाताने खोकं उचललं आणि आमच्या मागून चालू लागली.

पुरायची वेळ तीनची ठरली होती. रेडिओवर कळवल्याप्रमाणे ते आधी त्याला घरी नेणार, मग मनेआबात, मग अंगणात. कोणत्या वेळी काय चाललं असेल ते मला माहीत होतं, आणि माहीत असण्याचा काही उपयोग नव्हता. तीनला बाउरोकाकांनी ओट्यावर बसून एकट्याने भजन म्हटलं, चार आवाजांचं भजन एका खालच्या आवाजात. मी दारात बसून ऐकलं. मला वाटलं होतं, आता आत्या म्हणाली तसं काहीतरी बोलावं. मी तोंड उघडून बघितलं. आज रिकाम्या जागा किती होत्या, एवढंच आलं. एकही नव्हती.

भजन संपल्यावर काका तिथेच आडवे झाले आणि झोपी गेले. मी मागे मासे साफ करायला बसले. शेजारच्या बाईने सकाळी आणून ठेवले होते, घरात मरण झालं म्हणून. थोड्या वेळाने तोकाता आली, माझ्यासमोर बसली आणि दुसरी सुरी घेतली.

"तू बस ना आत," मी म्हटलं.

"बसून काय करू?"

ती खवले नीट काढत होती, माझ्यापेक्षा जलद.

"पुढच्या बुधवारच्या यादीत पहिलं नाव तुझं लिहीन," मी म्हटलं. "शाळेलाही रेडिओवरून कळवते."

"शाळेला कळवा," ती म्हणाली. मग मासा उलटा करून दुसऱ्या बाजूने घासायला लागली. "नाव पहिलं नको. नंबराप्रमाणे जिथे येईल तिथे लिहा."

मी मान हलवली. ती खाली बघत होती, तिला ते दिसलं नसेल. म्हणून मी तोंडाने "बरं" म्हटलं, आणि आम्ही दोघी उरलेले मासे साफ करत राहिलो.